सैल सांध्यांची बहीण

उषाताई गेली त्या दुपारी मी बुलडाण्याला घरी मेथी निवडत बसले होते. फोन भाऊजींचा, ताईच्या नवऱ्याचा होता. त्यांचं धाड गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे, दुपारच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत. "निमा, निघ लवकर," एवढंच म्हणाले. मग शेजारच्या कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं की ताई मुलींचा सराव घेऊन मैदानावरून घरी आली, पाणी मागितलं, पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं म्हणाली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत... आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे तर खरं तेच लिहिते. मनात आलेली पहिली गोष्ट रडू नव्हतं. मला वाटलं, हिला मरणसुद्धा कसं मिळालं बघा! अंथरूण नाही, कण्हणं नाही, कुणाच्या हातून पाणी पिणं नाही. साठी ओलांडलेली बाई मैदानावरून आपल्या पायांनी चालत घरी येते आणि जाते. आणि मी तिच्याहून धाकटी, मेथीची जुडी बाजूला सारून पाटावरून उठताना भिंतीला हात टेकत होते.

धाडला पोचले तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. ताई तिथल्या शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावरही मुलींना योगासनं शिकवायची. निळ्या ट्रॅकसूटमधल्या शाळकरी मुली एका बाजूला दाटीनं उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला तिच्या जुन्या विद्यार्थिनी, काही तर लेकरं कडेवर घेऊन आलेल्या. एक बाई ताईच्या पायांशी बसून रडत होती. तिला मी ओळखत नव्हते. तिनं मला वाट दिली नाही, आणि मी सख्खी बहीण असून काही वेळ मागेच उभी राहिले. म्हाताऱ्या बाया म्हणत होत्या, "काय अंग होतं व माय तिचं, वेलीवानी." आयुष्यभर हेच ऐकत आले होते. त्या दिवशीही तेच ऐकलं. माझी मुलगी श्रुती संभाजीनगरहून यायची होती, म्हणून थांबले होते सगळे. ती आल्यावर बायांनी ताईला आंघोळ घातली, तेव्हा मी तिचा हात धरला. तोवर संध्याकाळ झाली होती आणि हात ताठला होता. कोपरातून वाकेना, मनगटातून वळेना. साठ वर्षांत पहिल्यांदा तिचा हात माझ्या हातासारखा झाला होता.

आम्ही दोघी बहिणी धाडलाच वाढलो. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, शाळेत कारकून होते. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावचे नातेवाईक, ओळखीचे लोक आमच्याकडे पाणी प्यायला टेकायचे. चहा झाला की अण्णा हाक मारायचे, "उषे, दाखव बरं पाहुण्याइले." मग ताई ओसरीवर यायची. हाताचा अंगठा मागे दाबून मनगटाला टेकवायची. बोटं उलटी वळवून हाताच्या पाठीशी न्यायची. बसल्या बसल्या दोन्ही पाय मानेमागे अडकवून हातांवर अंग तोलून धरायची, आणि पाहुणे "अरे बाप्पा!" म्हणत टाळ्या वाजवायचे. तिला रेवड्या मिळायच्या. ती मला त्यातल्या अर्ध्या द्यायची आणि मी त्या खायचे, पण त्यांची चव मला कधी आवडली नाही. एकदा मी गोठ्याच्या मागे जाऊन माझा अंगठा मनगटाला लावायचा प्रयत्न केला. दाबला, दाबला, शेवटी दाराच्या फटीत घालून दाबला. अंगठा सुजून टम्म झाला. आईनं हळद लावली आणि म्हणाली, "हात मोडून घेतं का बाई?" अण्णा हसले. ताई मात्र हसली नाही. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ त्यावर फुंकर घालत राहिली. मला तिची फुंकरही नको होती.

पुढे स्पर्धा सुरू झाल्या. अण्णा तिला घेऊन एस.टी.नं बुलडाण्याला, मलकापूरला, अकोल्याला जायचे. मी घरी. ते परतायचे तेव्हा ताईच्या हातात कप असायचा आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी वर्गात पहिली येऊनही कधी पाहिलं नाही. अशाच एका स्पर्धेहून आल्यावर मी तिला न्हाणीत पाहिलं. ती दाराच्या चौकटीला उजवा खांदा लावून उभी होती, डोळे मिटलेले. तिनं अंग जोरात पुढे लोटलं आणि टक असा आवाज झाला. मग तिनं हात हळूहळू वर नेला, खाली आणला. मला पाहिल्यावर म्हणाली, "जाय तू." मला वाटलं, ही काहीतरी नवीन करामत बसवून राह्यली आणि मला दाखवत नाही. कितीतरी दिवस मी त्या टक आवाजाचाही हेवा करत होते.

मी विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न होऊन बुलडाण्यात आले. ती धाडलाच राहिली, तिचं लग्नही गावातच झालं. तिला मूलबाळ झालं नाही. लोक तिच्याविषयी हळहळायचे तेव्हा मला थोडं हलकं वाटायचं, हेही लिहून टाकते. माझ्याकडे आठवीचे वर्ग असायचे आणि सांध्यांचा धडा मला तोंडपाठ होता. खांदा आणि खुबा उखळीचे सांधे, वाटीत गोळा बसावा तसे, म्हणून हात-पाय चहूकडे फिरतात. कोपर आणि गुडघा म्हणजे बिजागरी. दारासारखे एकाच बाजूनं उघडायचे आणि सरळ झाले की थांबायचे. मानेत खिळीचा सांधा, त्याच्यामुळे आपल्याला नकाराची मान हलवता येते. मनगटातली लहान हाडं एकमेकांवर सरकतात. कवटीची हाडं तर शिवल्यासारखी, ती हलतच नाहीत. आणि या सगळ्यांना जागेवर बांधून ठेवतात त्या चिवट पट्ट्या, अस्थिबंध. त्या जेवढं जाऊ देतील तेवढंच हाड जाणार. हे मी फळ्यावर चित्र काढून दरवर्षी शिकवायचे आणि मला तो धडा आवडायचा. त्यात प्रत्येक गोष्टीची हद्द ठरलेली होती.

एकदा काहीतरी कामानं ताई आमच्या शाळेत आली. आमच्या मुख्याध्यापिकांना तिचं नाव माहीत होतं, त्यांनी तिला थेट माझ्या वर्गात आणलं. "मॅडम, तुमचा धडा चालूच आहे, ताईंना करून दाखवू द्या ना." मी बाजूला झाले. कोपराचा सांधा सरळ रेषेच्या पुढे जात नाही, हे मी नुकतंच फळ्यावर लिहिलं होतं. ताईनं हात लांब केला. तिचं कोपर सरळ झालं आणि मग सरळच्या पलीकडे गेलं, उलटं कमान केल्यासारखं. पोरं बाकांवर चढली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, फळ्यावरचं चुकलं!" सगळा वर्ग हसला. ताईनं हात पटकन खाली घेतला. म्हणाली, "चुकलं नाही रे बाप्पा. मॅडम सांगून राह्यल्या तेच बरोबर हाये. कोपरानं तिथंच थांबाले पाह्यजे. माह्यं पाहून कोणी शिकू नका." मला वाटलं, ही मला सांभाळून घेते आहे. हरवल्यावर वरून सांभाळूनही घेते... त्या दिवशी मी तिला चहालासुद्धा थांबवलं नाही.

श्रुती तिसरीत असताना दिवाळीला आम्ही धाडला गेलो होतो. फराळ चालला होता आणि श्रुतीनं चकली खाता खाता, कुणी काही न सांगता, डावा अंगठा मागे दाबून मनगटाला टेकवला. आलं! अखेर माझ्या घरी आलं. मी श्रुतीला म्हटलं, "मावशीला दाखव, मावशीला दाखव!" ताईनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. असा उतरला की मी तो आयुष्यभर जपून ठेवावा असं मला वाटलं, कारण तिचा उतरलेला चेहरा मी त्याआधी पाहिलाच नव्हता. मी लगेच म्हणाले, "ताई, सुट्टीत हिला तुझ्या मुलींमध्ये घे."

"हिले मी नाही शिकवणार," ती म्हणाली.

"काऊन?"

"निमे, हिचे सांधे सैल हायेत. हिले वाकायचं शिकवू नको. माह्याकडं नाही आन् दुसऱ्या कोणाकडंही नाही."

तालुक्यातल्या कुणाच्याही पोरीला शिकवणारी बाई माझ्या पोरीला नाही म्हणत होती. आणि शब्द कोणता, तर सैल! तिचं अंग ते लवचिक, माझ्या लेकीचं ते सैल. घरी परत येताना जीपमध्ये मी आमच्या ह्यांना म्हटलं, जळते ती. हे म्हणताना मला राग आला होता, पण त्याहून जास्त सुख होत होतं. ताईला माझं काहीतरी पाहून जळावंसं वाटलं, याचं सुख.

मी श्रुतीला बुलडाण्यातच दुसऱ्या एका सरांकडे घातलं. तिनं पहिल्याच वर्षी बक्षीस मिळवलं आणि मी त्याच संध्याकाळी धाडला फोन लावला. ताई म्हणाली, "छान झालं." मग म्हणाली, "तिचे गुडघे दुखतात काय वं?" मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तीन-चार वर्षं आमचं बोलणं सणावारापुरतं राहिलं. श्रुती आठवीत होती तेव्हा एका सरावात तिच्या गुडघ्याची वाटी सरकली. उडी नव्हती, पडणं नव्हतं, नुसती वळली आणि वाटी बाजूला गेली. तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं ताई आली. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का? पण ती सरळ श्रुतीच्या उशाशी बसली, तिच्या बोटांचा एकेक सांधा हलवून पाहिला, मनगट पाहिलं, खांदा पाहिला, आणि प्लास्टर निघाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला धाडला घेऊन गेली.

ताईच्या घरी मागच्या बाजूला एक खोली होती, सतरंजी अंथरलेली. मी श्रुतीला भेटायला गेले की त्या दोघी त्या खोलीत असायच्या, दार लोटून. मी एकदा डोकावले. मला वाटलं होतं आसनं चालली असतील. पण श्रुती नुसती भिंतीला पाठ लावून अर्धवट बसल्यासारखी उभी होती, मांड्या थरथरत होत्या, आणि ताई म्हणत होती, "गुडघा पुरा ताणू नको. जरासा वाकलेला ठेव. तो मांगं जाऊ पाह्यते, तू जाऊ देऊ नको. थांबव त्याले." पुढे पाहावं तेव्हा हेच. हात उचलायचा, पण पूर्ण नाही. पाय वळवायचा, पण अलीकडे थांबायचं. मी दार लोटून घेतलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर ओट्यावर मी चहा घेऊन बसले होते, तो निवून गेला. हसण्यासारखं त्यात काय होतं? भिंतीला टेकून उभं राहण्यात हसण्यासारखं काय असतं? पुढे प्रत्येक सुट्टी श्रुतीनं धाडला घालवली. परीक्षेचा निकाल लागला की पहिला फोन मावशीला. फिजिओथेरपी शिकायची हेही त्या दोघींनी त्याच खोलीत ठरवलं. मला मागाहून कळलं.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा श्रुती मला त्या खोलीत घेऊन गेली. तिनं कपाटाचा खालचा खण उघडला. आत गुडघ्यांचे पट्टे होते, मनगटाचे पट्टे होते, खांद्याला बांधायचा एक मोठा पट्टा होता, धुऊन धुऊन विटलेले. "आई, मावशी हे रोज घालायची. सलवारीच्या आत. तुला दिसू नये म्हणून तुझ्यासमोर ओढणी दोन्ही खांद्यांवरून घ्यायची."

श्रुती सांगत राहिली. ताईचा खांदा लहानपणापासून निसटायचा आणि तो ती स्वतःच बसवायची. आसनं दाखवल्यानंतर दोन-दोन दिवस तिला वेणी घालता येत नसे. बोटं जागा सोडायची म्हणून ती खडू मुठीत धरायची. दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच तिच्या अंगात ढिल्या होत्या, जन्मापासून. घराण्यात असतं ते, एखाद्याला धरतं, एखाद्याला सोडतं. मला सोडलं आणि श्रुतीला धरलं. डॉक्टर भाऊजींना म्हणाले होते की बहुधा काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली असावी. तिच्या भिंतीतही त्याच जातीचे धागे असतात. दोन्हींचा संबंध होता का, हे आता कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. श्रुतीनं मात्र दुसऱ्याच आठवड्यात आपल्या हृदयाची तपासणी करून घेतली होती. ठीक आहे, दरवर्षी करायला सांगितलं आहे. हेही मला ती आत्ता, त्या खणाशी बसून सांगत होती.

"भाऊजींना माहीत होतं?"

"हो."

"तुला?"

"मला तिनं पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं."

"आणि मला काऊन नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. मेलेल्या बहिणीच्या खोलीत मी भांडत होते. "मी कोण होते? परकी होते?"

श्रुतीनं हातातला पट्टा घडी करून खणात ठेवला. मग तिनं ताईच्याच बोलीत सांगितलं, जसं ऐकलं होतं तसं. "मावशी म्हणायची, निमीले सांगू नको. माह्या अंगात काय हाये ते मले माहीत, तुह्या मावसाले माहीत, डॉक्टरले माहीत. सगळ्याइले कीव येते. एक निमीच हाये जिले माह्या अंगाचा हेवा वाटते. तिनं पाह्यलं का मले वाटते, खरंच काही चांगलं असन माह्याजवळ. तेवढं राहू दे मले."

म्हणजे तिला माहीत होतं. ओसरीवरच्या रेवड्यांपासून वर्गातल्या फळ्यापर्यंत सगळं माहीत होतं, आणि ती ते जपत होती... मी रडले त्या दिवशी, पहिल्यांदाच. पण ते रडणं साधं नव्हतं. ती मला सोडून बाकी सगळ्यांना आपलं दुखणं देऊन गेली होती, आणि माझ्यासाठी फक्त माझा हेवा ठेवला होता.

त्यानंतर श्रुती संभाजीनगरला परत गेली. जाताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. रोज सकाळी दोघींचा फोन व्हायचा आणि त्यात त्या आपापल्या सांध्यांची हजेरी घ्यायच्या. ताईनं शाळेत जन्मभर हजेरी घेतलेली, तशीच. डावा खांदा? हजर. उजवा गुडघा? हजर. मधलं बोट? रजेवर. ज्या दिवशी सगळे हजर त्या दिवशी दोघी टाळ्या वाजवायच्या. ही हजेरी सुरू झाली होती त्या मागच्या खोलीतच, आणि बाहेर ओट्यावर मला जे हसणं ऐकू यायचं ते हेच होतं. "आता सकाळी त्या वेळेला मी काही बोलत नाही," श्रुती म्हणाली, "हजेरी नुसती मनातल्या मनात घेते."

मागच्या रविवारी मी ती वेळ साधून तिला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम विचारलं, "डावा खांदा?"

पलीकडून बारीकसं, "हजर."

मला धीर आला. "उजवा खांदा?"

"हजर."

"आता मला विचार."

"तुला काय विचारू आई?"

"विचार तर. माझा उजवा गुडघा रजेवर आहे. सकाळपासून."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "अगं, तुझा गुडघा वयानं दुखतो. ते यात धरत नाही आम्ही."

आम्ही! ताईला जाऊन दीड महिना होत आला होता आणि माझी मुलगी अजून 'आम्ही' म्हणत होती. त्या 'आम्ही'त यायला माझ्याजवळ एकही निसटता सांधा नव्हता. देवानं मला सगळे घट्ट, धडधाकट, जिथल्या तिथे थांबणारे दिले. फोन ठेवून द्यावा असं वाटलं.

"आणि आई," श्रुती म्हणाली, "तू खांद्यापासून सुरू केलंस. मावशी बोटांपासून सुरू करायची. आधी बोटं, मग मनगट, मग वर."

मी खिडकीशी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"करंगळी?" मी विचारलं.